लोकस सेरुलियस हे ‘तणावाचं बटण’ नाही

सध्या एक संदेश खूप फिरतोय: ‘मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचं तणावाचं बटण असतं. दीर्घ श्वसनाने ते बंद ठेवा, चिंता जाईल आणि अल्झायमरही होणार नाही.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी ‘बटण’. लोकस सेरुलियस या लॅटिन नावाचा अर्थ ‘निळी जागा’. पेशींतल्या रंगद्रव्यामुळे ती निळसर दिसते. अशा जागा दोन, डावी-उजवी. दोन्हींत मिळून चेतापेशी जेमतेम 50 हजारांच्या आसपास, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरून नॉरअ‍ॅड्रेनालिन हे मेंदूला सावध करणारं रसायन सोडतात. तणावात त्या खवळतात, हे खरंच. पण सकाळी जाग येणं, हाक ऐकताच मान वळणं, वाचताना लक्ष टिकणं यांतही त्यांचा हात असतो. गाढ झोपेत त्या मंदावतात, स्वप्नांच्या झोपेत तर जवळपास गप्प होतात. काम फार कमी झालं तर पेंग, फार वाढलं तर मन सैरभैर. एकाग्रता या दोन्हींच्या मध्ये. अतिदक्षता विभागात वापरलं जाणारं डेक्समेडेटोमिडिन हे औषध मुख्यतः याच पेशींना शांत करतं, आणि रुग्णाला गुंगी येते. ‘बंद’ केल्यावर काय होतं, ते इथे दिसतं.

श्वासाचं म्हणाल, तर 2017 साली उंदरांत श्वासाची लय ठरवणाऱ्या काही पेशी थेट या जागेशी जोडलेल्या आढळल्या. त्या नष्ट केल्यावर उंदीर शांत झाले. संथ श्वसनाने बरं वाटत असेल तर जरूर करा, पण त्याने अल्झायमर टळतो हे सिद्ध झालेलं नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो अल्झायमरचा दावा, कारण तो गणित उलटं मांडतो. मेंदूशास्त्रज्ञ हायको ब्राक यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं, की अल्झायमरमध्ये चेतापेशींत साचणाऱ्या टाऊ या प्रथिनातले बिघाड इथे तिशीच्या आतल्या काही माणसांतही दिसतात, विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षं आधी. पुढे अल्झायमरमध्ये इथल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, कंपवातातही तसंच. सुरुवातीला काही पेशी अतिउत्तेजित होत असाव्यात असं प्राण्यांवरचं काम सुचवतं, पण आजार वाढतो तशी ही जागा विझत जाते. मग विसरू लागलेल्या आईला ‘तू फार ताण घेतलास’ असं कसं म्हणायचं? तिला डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, बी12ची कमतरता, नैराश्य यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत.