पिन टोचून लाइन परत येत नाही

वीज जाऊन आल्यावर फायबरचे इंटरनेट आपोआप जोडले जात नसेल, तर काय करावे याचे ‘पाच खात्रीशीर उपाय’ सांगणारा एक संदेश सध्या आर्वी-कारंजा भागातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. राऊटरच्या मागील बारीक छिद्रात तीस सेकंद पिन दाबून धरा. वायरीचे हिरवे टोक काढून ओल्या कापडाने पुसा आणि आतून प्रकाश येतो का ते पाहा. डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी ८.८.८.८ टाका, राऊटर लागोपाठ बंद-चालू करा, आणि तरीही लाइन आली नाही, तर कंपनीने ती मुद्दाम अडवली आहे असे समजा. असे संदेश रोजच येतात आणि त्यांना उत्तर देत बसायला कोणाला वेळ नसतो. परंतु माझी मोठी बहीण गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते आणि पीक विम्याच्या अर्जांची मुदत तोंडावर आलेली असताना, बाहेर शेतकरी सातबारा घेऊन ताटकळत असताना, तिने यातील पहिला उपाय इमानेइतबारे करून पाहिला. त्यानंतर तालुक्याहून माणूस येईपर्यंत केंद्र बंदच राहिले.

म्हणून आधी त्या पिनेविषयी. ‘रिसेट केल्याने राऊटर नव्यासारखा होतो’ हे संदेशातील वाक्य शब्दशः खरे आहे आणि नेमके तेच घातक आहे. आपल्याकडील बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीने चालतात, म्हणजे राऊटर प्रत्येक वेळी युजरनेम आणि पासवर्ड देऊन कंपनीच्या सर्व्हरकडे लॉगिन करतो. ही माहिती, तसेच व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातील आपल्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक, तंत्रज्ञाने जोडणी देताना राऊटरमध्ये भरलेली असते. ती ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते आणि डब्याच्या खालच्या स्टिकरवर तर ती नसतेच. पिन दाबली की ही माहिती पुसली जाते. काही कंपन्या ही सेटिंग दुरून पुन्हा भरतात हे मान्य, पण आपला डबा त्यातला आहे की नाही हे पिन टोचण्यापूर्वी किती जणांना ठाऊक असते?

शिवाय दोष बहुतेक वेळा त्या डब्यात नसतोच. पीपीपीओईची पद्धत ज्या दस्तऐवजात नोंदलेली आहे, तो आरएफसी २५१६ फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही कोणालाही फुकट वाचता येतो. सर्व्हरने अधूनमधून ‘इको’ विचारून राऊटर जिवंत आहे का याची खात्री करावी, अशी शिफारस त्यात आहे. कारण राऊटर निरोप न देता बंद झाला, तर सेशन, म्हणजे लॉगिनपासून चालू असलेली जोडणी, संपले हे सर्व्हरला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. आपल्याकडे वीज अचानक जाते तेव्हा हेच घडते. राऊटरला निरोप पाठवायला क्षणही मिळत नाही आणि सर्व्हरच्या लेखी जुने सेशन चालूच राहते. प्रवासी उतरून गेला तरी एसटीच्या सीटवर त्याचा रुमाल राहावा, तसा हा प्रकार आहे. एका आयडीवर एकच सेशन अशी कंपनीची अट असेल, तर वीज आल्यावर त्याच आयडीने केलेले लॉगिन नाकारले जाते, आणि जुन्या सेशनची मुदत संपेपर्यंत ते नाकारलेच जाणार.

राऊटर बंद-चालू करण्याचा उपाय मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धा मान्य करावा लागतो. सर्व्हरकडून उत्तर आले नाही तर पुन्हा हाक द्यावी आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा, असे त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. त्यामुळे बराच वेळ लाइन नसेल, तर राऊटरच्या दोन हाकांमधले अंतर वाढलेले असू शकते आणि एकदा बंद-चालू केल्याने तो लगेच नव्याने हाक देतो. पण ‘एकदा’ आणि ‘लागोपाठ’ यांत फरक आहे. सेशन अडकले असेल तर उपयोग थांबण्याचा होतो, खटके मारण्याचा नाही. राऊटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा.

हिरव्या टोकाचा सल्ला कोणी दिला असेल ते देव जाणे. त्या टोकातील काचेचा जो गाभा प्रकाश वाहून नेतो, त्याची जाडी सुमारे ९ मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही कितीतरी कमी असते. ओल्या कापडाचा एक तंतू किंवा बोटाचा तेलकटपणा तेथे पुरेसा अडथळा करतो. राहिले प्रकाश पाहण्याचे. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, अवरक्त असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे चालू लाइनमध्येही काही दिसणार नाही, आणि लेझर असलेल्या टोकात डोकावण्याची सवय तेवढी लागेल. तंत्रज्ञाच्या हातातील लाल प्रकाश पाहून ही समजूत पसरली असावी. पण तो तुटलेली जागा शोधण्यासाठी वेगळ्या उपकरणातून सोडलेला असतो.

डीएनएसचा प्रश्न लॉगिन झाल्यानंतरचा आहे. लॉगिनच झाले नसेल तर ८.८.८.८ काय करणार? कंपनी मुद्दाम अडवते या आरोपातही तथ्य एवढेच, की रिचार्ज संपले असेल तरी लॉगिन नाकारले जाते. तेव्हा आधी ते पाहून घ्यावे.

पाहायचे ते डब्यावरील दिवे. एलओएसचा दिवा लाल असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही. वायर कोठेतरी तुटली आहे किंवा पुढच्या केंद्रातच वीज नाही, आणि घरी बसून त्यावर काही करता येत नाही. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल, तर फायबर ठीक आहे आणि अडचण लॉगिनची आहे. अशा वेळी थांबून पाहिल्यावरही जोडणी झाली नाही, तर फायबरवाल्याला ‘नेट बंद आहे’ एवढेच न सांगता ‘पॉन हिरवा आहे, लॉगिन होत नाही, माझ्या आयडीवरचे जुने सेशन क्लिअर करा’ असे सांगावे आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. हे काम त्याला बसल्या जागेवरून करता येते.