बर्बनमध्ये पाणी, बर्फ आणि साखर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

संध्याकाळी घरी बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) आणि राय (राय या धान्याची) व्हिस्की कशी घ्यावी, या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चार वर्षांची व्हिस्की बारा वर्षांच्या स्कॉचपुढे कच्चीच, बर्बन आणि राय हा फरक लेबलापुरता, एवढी महाग बाटली आणून तिच्यात पाणी, बर्फ आणि साखर घालणं म्हणजे पैसे वाया, आणि लेखातल्या कृतीने केलेल्या ओल्ड फॅशन्ड या व्हिस्की कॉकटेलच्या तळाशी साखर राहिली, वरचं सगळं पांचट झालं. शेवटच्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. चूक लेखाची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लेखात साखरेचा क्यूब लिहिला होता. अल्कोहोलचं प्रमाण जितकं जास्त, तितकी साखर कमी आणि हळू विरघळते. त्यात व्हिस्की बर्फाने गार झालेली. मग कण जिरवायला आपण ढवळत बसतो आणि तेवढ्या वेळात बर्फ वितळत राहतो. म्हणजे तळाची साखर आणि पांचटपणा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, दोन्हींचं मूळ त्या क्यूबमध्येच आहे. क्यूबऐवजी पाक घ्या. ५० मिली पाणी उकळून आच बंद करायची, त्यात १०० ग्रॅम साखर घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. साखर घातल्यावर पुन्हा उकळत ठेवू नका. पाणी उडून पाक एकतारी झाला की गार झाल्यावर खडे धरतो. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतो. तरीही तळाशी खडे दिसले तर बाटली गरम पाण्यात ठेवायची, पुन्हा पातळ होतो. या पाकाचा एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, गोडीला एका क्यूबच्या बरोबरीचा आहे.

आता कृती. एका ग्लासात पाक ५ मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट, मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे आणि व्हिस्की ६० मिली. आधी हे तिन्ही बर्फाशिवाय ढवळून एकजीव करा. मग बर्फ घालून २० ते २५ सेकंद ढवळा आणि दुसऱ्या ग्लासात एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर गाळून घ्या. वर संत्र्याच्या सालीची पट्टी, रंगीत बाजू ग्लासाकडे करून पिळायची. हवं असतं ते सालीतलं तेल. आतला पांढरा भाग जाड राहिला तर कडवटपणा उतरतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलाण्याने तिची सलग पट्टी निघत नाही. घट्ट सालीचं संत्रं घ्या, मोसंबीही चालते.

पांचटपणाचा हिशेब मांडून बघा, कारण खरी गोम तिथे आहे. ४५ टक्क्यांची ६० मिली व्हिस्की घेतली आणि ढवळताना बर्फातून १५ मिली पाणी उतरलं, तर पाक आणि बिटर्स धरून पेयात सुमारे ३४ टक्के अल्कोहोल राहतं. चव भरीव लागते. तेच ४० टक्क्यांच्या बाटलीने केलं आणि छोट्या, ओल्या बर्फातून ३० मिली पाणी उतरलं, तर आकडा २५-२६ वर येतो. बर्फ फ्रीझरमधून काढून वाटीत पाच मिनिटं पडून असेल तर त्याच्यावर आधीच पाण्याचा थर असतो, तो सगळा ग्लासात जातो. मुंबईच्या उकाड्यात तर फारच लवकर. म्हणून बर्फ अगदी शेवटी बाहेर काढायचा, तुकडे मोठे (५ सेंटिमीटरचा सिलिकॉनचा साचा उत्तम) आणि बाटली शक्यतो ४५ ते ५० टक्क्यांची. बर्फाला वास लागतो हेही ध्यानात ठेवा. शेजारी सुकट किंवा खोवलेलं खोबरं उघडं असेल तर ते ग्लासात पहिल्याच घोटाला कळतं. साचा झाकलेला असावा, आणि बर्फ गोठला की पिशवीत बांधून ठेवावा.

आता तुमचा मोठा आक्षेप, पाण्याचा. तुमच्या बाटलीत पाणी आधीच आहे. अमेरिकी नियमानुसार बर्बन पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त तीव्र असता कामा नये, आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. या दोन आकड्यांमधलं अंतर कारखाना पाण्यानेच भरून काढतो. ‘बॅरल प्रूफ’ लिहिलेली बाटली तेवढी वेगळी, तिची तीव्रता पिंपातून निघाली तशीच राखलेली असते. कॉकटेलचं म्हणाल, तर १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय हे सांगताना चार घटक दिले होते: मद्य, साखर, पाणी, बिटर्स. पाणी तेव्हापासून कृतीचाच भाग आहे. किती घालायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर लेबलवरच्या टक्केवारीत असतं.

बर्फ-साखरेशिवाय नुसती पिताना हिशेब असा करा. ५० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की ४५ वर आणायला साधारण ७ मिली पाणी लागतं, ४० वर आणायला १५ मिली. औषधाच्या बाटलीसोबत मिलीच्या खुणा असलेलं छोटं मापटं येतं, ते धुऊन वापरा. अंदाजाने ओतलं की हटकून जास्त पडतं. ४० टक्क्यांच्या बाटलीला मात्र जपून. तिच्यात १५ मिली घातलंत तर ३२ टक्के उरतात, आणि ओक, व्हॅनिला, मसाला सगळंच विरून जातं. तिला अर्धा चमचा पाणी पुरे, किंवा नाही घातलं तरी चालेल. तुमचा अनुभव अशा बाटलीचा असेल तर पाण्यावरचा राग समजू शकतो. पाणी घातल्यावर किंवा बर्फाने व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नसेल तर तिच्यातले तेलकट घटक तीव्रता कमी होताच वेगळे दिसू लागतात. चवीला काही होत नाही.

प्रूफच्या आकड्यावरून गोंधळ होतो, म्हणून एक खुलासा. अमेरिकी प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट असतं: १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. भारतीय बाटल्यांवरचं ७५ डिग्री प्रूफ जुन्या ब्रिटिश मापाचं, ते ४२.८ टक्के होतं. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

वयाचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. तुम्ही स्कॉचची पट्टी बर्बनला लावताय. स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या ओकच्या पिंपात मुरते, आणि त्यांतली पुष्कळ पिंपं बर्बनचीच असतात. बर्बनला दरवेळी कोरं, आतून जाळून कोळपवलेलं पिंप लागतं, तसा कायदाच आहे. लाकडातली गोडी, व्हॅनिला, खोबऱ्यासारखा वास यांचा पहिला आणि सगळ्यात दाट उतारा बर्बनला मिळतो. स्कॉचच्या वाट्याला नंतरचा येतो. त्यात केंटकीचा (बर्बनच्या मुख्य अमेरिकी राज्याचा) उन्हाळा कडक, हिवाळा गोठवणारा. गोदामाच्या वरच्या मजल्यावर पिंपातलं पाणी अल्कोहोलपेक्षा वेगाने उडतं आणि तीव्रता वर्षागणिक वाढते. स्कॉटलंडच्या दमट गारव्यात ती उतरते. म्हणून सहा वर्षांची बर्बन भरपूर मुरलेली असू शकते, आणि पंधरा वर्षांची कधीकधी लाकडाने तुरट झालेली. उष्ण हवेचा हा नियम आपल्या जवळही दिसतो. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचं सिंगल मॉल्ट मुरतं, तेही मुख्यतः बर्बनच्या रिकाम्या पिंपांत, आणि त्याला स्कॉचइतकी वर्षं लागत नाहीत.

लेबलवर वय नसलं म्हणजे काही लपवलंय असंही नाही. ‘स्ट्रेट’ लिहिलेली व्हिस्की किमान दोन वर्षांची असतेच, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावं लागतं. ‘स्ट्रेट’ आहे आणि वय छापलेलं नाही, म्हणजे किमान चार वर्षं. ‘बॉटल्ड इन बाँड’ हे १८९७ च्या कायद्यातून आलेलं बिरुद आणखी नेमकं आहे: एकाच डिस्टिलरीचं, एकाच हंगामातलं, किमान चार वर्षं मुरलेलं, बरोबर ५० टक्के. बर्बनमध्ये रंग किंवा स्वाद वरून घालायला बंदी आहे, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो. कच्चेपणाचा आरोप करण्याआधी हे शब्द बाटलीवर शोधा.

बर्बन आणि राय यांच्याबाबत तुमचं अर्धं बरोबर आहे. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका, रायमध्ये किमान ५१ टक्के राय. (राय म्हणजे राई-मोहरी नव्हे, गव्हाच्या जवळचं धान्य आहे.) केंटकीची बरीच राय या ५१ च्या आसपासच थांबते. दुसरीकडे फोर रोझेसच्या दोन धान्यमिश्रणांपैकी एकात ३५ टक्के राय असते, म्हणजे बर्बन असूनही मसालेदार. या दोघींतलं अंतर खरोखर थोडंच आहे. पण मेकर्स मार्क ही बर्बन घ्या, तिच्यात रायच्या जागी गहू असतो. आणि तिच्याशेजारी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गची ९५ टक्के रायची व्हिस्की ठेवा, बुलिट राय त्या जातीची आहे. एकीत गूळ, व्हॅनिला आणि मऊ शेवट. दुसरीत मिरी, पुदिना आणि चक्क शेपूचा वास. हा फरक लेबलाचा म्हणता येणार नाही. कॅनडाच्या बाटलीवर ‘राय’ दिसली तर मात्र सावध. तिथे त्या शब्दासाठी रायचं किमान प्रमाण ठरलेलं नाही.

घरी पडताळून बघा, पण तीव्रता जुळवून. ४० टक्क्यांची बर्बन आणि ५० टक्क्यांची राय समोरासमोर ठेवली तर जीभ फक्त अल्कोहोल मोजते. मेकर्स मार्क आणि बफेलो ट्रेस या बर्बन ४५ टक्क्यांच्या आहेत, बुलिट रायही. रिटनहाउस राय ५० ची, तिच्या २० मिलीत २ मिली पाणी घातलं की तीही ४५ वर येते. प्रत्येकी २० मिली, सारखेच ग्लास, बुडाला चिकटपट्टीवर खुणा, आणि ग्लासांची जागा दुसऱ्या कोणीतरी बदलायची. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाकाला झोंबत नाही. दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि खारे, बिनतिखटाचे शेंगदाणे. तिखट चकली किंवा लसणाची शेव नको: तिखटाची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना वाढवतात, आणि मग राय तिखट की शेव, सांगता येत नाही. शेंगदाण्याची गुळाची चिक्की रायबरोबर फार छान जाते.

पैशाचं दुःख मात्र खरंच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, तरी वर राज्याचे कर आहेतच. म्हणूनच माप पाळा. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५० टक्क्यांच्या ६० मिलीत जवळजवळ २४ ग्रॅम भरतं. म्हणजे दिसायला एक पेग, मोजायला पावणेदोन. तीव्र बाटली उघडलीत त्या संध्याकाळी ४५ मिली ओता, पोटात आधी काही असू द्या, आणि गाडी काढायची असेल तर बाटली उघडूच नका.

पाकाची कृती मूळ लेखात दुरुस्त केली आहे. तुमच्या बाटलीवर किती टक्के लिहिलंय आणि ‘स्ट्रेट’ हा शब्द आहे का, तेवढं इथेच कळवा. पाण्याचं नेमकं माप काढून देतो.