प्रेसवर बोटं जातात ती म्हणे कामगाराच्याच चुकीने

सध्या एक मेसेज फिरतोय. प्रेस शॉपमध्ये (जिथे प्रेस मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात) बोटं जातात ती कामगारांच्याच निष्काळजीपणामुळे, मोबाईल बघतात, हात आत दिसला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवतात, आणि वर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आयुष्यभर पैसे देतंय, मग मालकाच्या नावाने रडायचं कशाला. एकेक बघू.

आधी सेन्सर. छोट्या शॉपमध्ये जुने पिन क्लचचे प्रेस अजून चालतात, त्यात पेडल मारलं की पिन फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि रॅम, म्हणजे वरून खाली येऊन दाबणारा भाग, पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबवायची सोयच नाही, मग सेन्सरला हात दिसला तरी तो करणार काय? सेन्सरचा उपयोग न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लच-ब्रेकवाल्या मशीनवर, जी मधेच थांबू शकते. वर पिन क्लचच्या प्रेसमध्ये पिन नाहीतर स्प्रिंग झिजली की पेडलवर पाय नसताना पण रॅम परत खाली येतो, आणि पीस काढायला हात तेव्हाच डायमध्ये (रॅमखालच्या साच्यात) असतो. इथे मोबाईल कुठून आला?

न्यूमॅटिक मशीनवर सेन्सर बंद केलेला सापडतो, हे खरंय. पण बंद करतं कोण? सेन्सर सारखा ट्रिप होऊन मशीन थांबलं की पीस कमी निघतात, टार्गेट कोणाचं असतं ते सांगायला नको, आणि बायपासची किल्ली काय हेल्परच्या खिशात नसते हो. (हेल्पर म्हणून घेतलेल्या पोराला प्रेसवर बसवणं हा अजून वेगळाच विषय.)

'सावध राहायला सांगितलं होतं' हे पण चालत नाही. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून धोक्याच्या भागाला गार्ड लावायची आणि मशीन चालू असताना तो जागेवर ठेवायची जबाबदारी कारखान्यावर आहे.

आता ते आयुष्यभराचे पैसे. तर्जनी अख्खी गेली तर कमावायची ताकद 14 टक्के गेली असं धरतात. रोज 500 रुपये पडत असतील तर त्याचे 90 टक्के म्हणजे 450, आणि 450 चे 14 टक्के, 63 रुपये रोज. अंगठ्याला 30 टक्के. बरं, ईएसआय लागू असलं की मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही, म्हणजे सुटका कोणाची झाली बघा. आणि हरियाणातल्या मानेसर-गुरुग्रामच्या जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था कितीतरी वर्षं सांगतेय की बऱ्याच जणांचं ईएसआय कार्ड अपघात झाल्यावरच हातात पडतं.