मसनमा गयथी, परत बी उनी

रविवारी संध्याकाळी मायचा फोन येतो. इकडे सहा वाजलेले असतात, तिकडे रात्रीचे साडेदहा. गेल्या महिन्यात तिनं आमच्या अहिराणीत विचारलं, "कथा गयथी दिवसभर?" कुठे गेली होतीस, म्हणून. मी सांगितलं, ब्रूकवूडला, कब्रस्तान बघायला. क्षणभर शांतता. मग: "मसनमा गयथी? आनि परत बी उनी?"

मसनात, म्हणजे स्मशानात गेलीस आणि परतही आलीस? तिचं आश्चर्य खरं आहे. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावात बाईमाणूस मसनात जात नाही. आबा गेले तेव्हा मी वेशीपर्यंतच गेले होते, तिथून मागे फिरवलं. आणि इथे, इंग्लंडमधल्या सरेमध्ये, सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मी थडग्यांमधून फिरते. हॉस्पिटलच्या वॉर्डात आठवडा काढल्यावर जिथे कोणी घंटी वाजवत नाही अशी तेवढीच एक जागा.

वोकिंगनंतरचं पुढचं स्टेशन ब्रूकवूड. लंडनमध्ये 1848-49 च्या कॉलऱ्यानंतर मुडदे पुरायला जागा उरली नव्हती, म्हणून एका खाजगी कंपनीनं इथली माळरानाची दोन हजारांहून अधिक एकर जमीन घेतली आणि 1854 च्या नोव्हेंबरात दफनभूमी सुरू केली. अडीच लाखांच्या जवळपास माणसं इथे पुरलेली आहेत. वॉटर्लूजवळून मृतांसाठी खास आगगाडी सुटायची. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग होता, नातेवाइकांना आणि शवपेटीलाही. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळायचं, पेटीचं तिकीट एकेरी. मायला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. आत दोन स्टेशनं होती: दक्षिणेकडचं इंग्लंडच्या अधिकृत चर्चवाल्यांचं, उत्तरेकडचं बाकीच्यांचं. एकाच देवाची लेकरं, पण उतरायचं वेगवेगळ्या फलाटांवर. आमच्या गावात गावाचा मसनवटा नदीच्या अलीकडे आणि भिल्ल वस्तीचा नाल्यापलीकडे, तेव्हा हसायचा हक्क मला फारसा नाही. 1941 च्या एप्रिलमध्ये लंडनचं ते स्टेशन बॉम्बखाली गेलं, गाडी पुन्हा सुटली नाही.

इथेच पारशांचा भाग आहे. जमशेटजी टाटा 1904 मध्ये जर्मनीत वारले, त्यांना इथे आणून ठेवलं. मी जाते तेव्हा तिथे एक फेरी होतेच, का ते सांगता येणार नाही. आपल्याकडचं माणूस, एवढंच.

पण मी गेले होते ती लष्करी भागासाठी. सदतीस एकर. आखल्यासारख्या रांगा, एकाच उंचीचे पांढरे दगड, मेजर असो की साधा शिपाई. दगडाच्या पायाशी फुलझाडं, आणि कातरून एकसारखं केलेलं गवत. हे आपोआप होत नाही. 1917 मध्ये राजाच्या सनदेनं एक आयोग नेमला गेला. आज त्याला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. त्याचा खर्च सहा देश समाध्यांच्या प्रमाणात उचलतात. त्या सहांत भारतही आहे. पुण्यात खडकीला याच आयोगाची दफनभूमी आहे. नर्सिंगची चार वर्षं मी तिच्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहिले आणि एकदाही आत गेले नाही. परदेशात आल्यावर डोळे उघडतात असं म्हणणाऱ्यांत मला बसायचं नाही, पण हे कबूल केलेलं बरं.

आता गावचा वाद. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आलाय. एक बाजू म्हणते, वेशीवर शहीद जवानांच्या नावाची भव्य कमान उभारा. दुसरी म्हणते, आधी मसनवट्याला शेड आणि रस्ता करा. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर डिझेल ओततो, टायर टाकतो, तरी चिता पेटत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर हेच. त्यात मला ओढलं जातं ते एका ठरलेल्या कामासाठी: "ताई, तू तिकडचा फोटो टाक, म्हणजे यांना कळेल." मी पांढऱ्या रांगांचा एक फोटो टाकला. दोन्ही बाजूंनी तो आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरला.

म्हणून जे फोटोत आलं नाही ते सांगते. ब्रूकवूडचा लष्करी भाग सोडला तर उरलेली दफनभूमी कित्येक दशकं झाडोऱ्यात बुडालेली होती. खाजगी मालक बदलत गेले, दगड कोसळले, वेलींनी नावं झाकली. 2014 मध्ये वोकिंगच्या नगरपालिकेनं ती घेतली, तेव्हा कुठे साफसफाई मार्गी लागली. तीच माती, तेच इंग्रज. एका कुंपणाच्या आत गवत कातरलेलं आणि बाहेर काटेरी झुडपं, यात संस्कृतीचा काय संबंध? आत माळ्याचा पगार शंभर वर्षं चुकला नाही, बाहेर चुकला. गावात कमान झाली तर तिच्या रंगाचे पैसे दरवर्षी कोण देणार, हे ग्रुपवर मी विचारलं. उत्तराऐवजी हात जोडलेला इमोजी आला.

2025 च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं, तेव्हा याच ग्रुपवर एकानं विचारलं होतं: इंग्रज ठेवतात का शत्रूची थडगी? ठेवतात. ब्रूकवूडला जर्मन सैनिकांची रांग आहे, इटालियनांची आहे. मिडलँड्समध्ये कॅनक चेस नावाच्या माळावर जवळपास पाच हजार जर्मन पुरलेले आहेत, नावनिशीवार. हे लिहिलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं किती पोकळ होतं ते नंतर कळलं.

कारण याच आयोगानं आपल्या शिपायांचं काय केलं ते मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यातले बहुतेक भारतीय. भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, भारतीय अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. फ्रान्समध्ये नव्ह-शापेलच्या स्मारकावर भारतीयांची नावं आहेत, म्हणजे नावं कोरता येत नव्हती असं नाही. युरोपातल्या लोकांच्या नजरेसमोर कोरली, वाळवंटात मोजणीवर भागवलं. 2021 च्या एप्रिलमध्ये आयोगानंच अहवाल काढून हे मान्य केलं: किमान 1,16,000 जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं कुठे नोंदलेच गेले नाहीत किंवा त्यांचं स्मारकच नाही, मुख्यतः आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

ब्रायटनचंही तसंच. तिथल्या राजवाड्यात जखमी भारतीय शिपायांचं इस्पितळ होतं. मेलेल्या हिंदू-शीखांना टेकडीवर अग्नी दिला, त्या जागी 1921 मध्ये संगमरवरी छत्री उभारली. ज्यांना तिथे जाळलं त्या 53 जणांची नावं शेजारच्या दगडावर आली 2010 मध्ये. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरलं होतं. तिथे नासधूस होऊ लागली म्हणून 1968 मध्ये त्यांना ब्रूकवूडला हलवलं. त्यांच्या दगडांपुढे मी उभी राहिले. ज्याला पुरलं त्याचा दगड राहिला. ज्याला जाळलं तो नव्वद वर्षं वाट बघत होता.

शत्रूला नाव आणि आपल्याकडून लढलेल्याला नंबर. हा हिशेब ज्यांनी मांडला त्यांचं गवत मात्र खरंच सुंदर कातरलेलं आहे.

मग आपण तरी कसे? आमच्या गावापासून थोड्या अंतरावर थाळनेर. फारुकी सुलतानांची थडगी तिथे आहेत; घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा 1399 मध्ये वारला, त्याचंही. लहानपणी शाळेची सहल तिथे गेली की आम्ही सावलीत भाकरी सोडायचो, बाकी काही कळलं नाही. त्याच थाळनेरच्या किल्ल्यावर 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रजांच्या जनरल हिस्लॉपनं हल्ला केला, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं आणि शरण न गेलेली अरब शिबंदी कापली. या फाशीवर पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न निघाले. त्या शिबंदीतल्या एकाचं नाव मला कुठे मिळालेलं नाही. उलट नंदुरबारच्या 9 सप्टेंबर 1942 च्या गोळीबारातली पाच नावं खान्देशातलं कुठलंही पोर सांगेल: शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास. म्हणजे नाव राखायचं मनात आलं तर आपण राखतो, आणि शाळेतली बाई दरवर्षी घोकून घेते म्हणून ते राहतं.

हे सगळं माझ्या घरापर्यंत येतं. आबांच्या आजीचे जेठ, म्हणजे थोरले दीर, पहिल्या लढाईत खेचरांच्या तांड्याबरोबर गेले आणि आले नाहीत. घरात त्यांना "बसरावाला" म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात, आगारी टाकतात, तेव्हा एक घास त्यांचा. आयोगाच्या संकेतस्थळावर शोधायला बसले तर पहिला रकाना आडनाव, दुसरा नाव. मी मायला फोन लावला: बसरावाल्याचं नाव काय?

"बसरावाला."

"नाव गं, खरं नाव."

तिला ते सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. तीन पिढ्या सुनांनीच ही आठवण धरून ठेवली, आणि तीच माणसं नाव उच्चारू शकत नव्हती. "सासरना मोठा माणूसनं नाव कोनी लेस का?" माय म्हणाली. मग जरा थांबून, भाटाच्या वहीत असेल, दर काही वर्षांनी यायचा, घरातली सगळी नावं वाचून दाखवायचा. मागच्या खेपेला आला तेव्हा दादा शेतात होता, वहिनीनं दारातूनच परत पाठवला.

त्या भाटाचा नंबर कोणाकडे आहे का, म्हणून ग्रुपवर विचारलंय. अजून उत्तर नाही. कमानीला ग्रॅनाइट लावायचं की टाइल, ते चाललंय.