पावसाने सुटते की भिंतीने? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

वॉलपेपर बॉर्डरवरच्या, म्हणजे भिंतीवर आडव्या चिकटवायच्या नक्षीदार पट्टीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘ताई, हे परदेशातल्या कोरड्या हवेचे चोचले. आपल्याकडे पहिल्या पावसात बॉर्डर सुटून लोंबते. तीन रोलमध्ये खोली होते म्हणता, तीही होत नाही. वर खोली बुटकी दिसते, आणि ही फॅशन नव्वदच्या दशकातच मेली. आधी भिंतीला हात लावा, मग लोकांना शिकवा.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीची वाक्यं त्याच्यासाठीच लिहिलेली दिसतात. मत वेगळं असू द्या, माझी ना नाही. पण ‘ताई’ म्हणायचं आणि लगेच टपली मारायची, ही कुठली रीत? कित्येक वर्षं पुट्टी, गोंद आणि कटर यांच्यातच माझे हात आहेत. कॅटलॉग चाळून मी लिहीत नाही. इथे नियमित येणाऱ्यांना ते सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगावं लागलं, असो.

रोलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. १२ बाय १० च्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर. ५ मीटरचे तीन रोल म्हणजे १५ मीटर. नक्षी दर ५३ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर दोन सांधे जुळवताना एक मीटरभर कापून टाकावं लागू शकतं. उरतो जेमतेम अर्धा मीटर. एक तुकडा तिरका कापला गेला की गाडी अडली. तेव्हा चौथा रोल घ्याच, आणि चारही एकाच बॅचचे घ्या. बॅच बदलली की छटा बदलते आणि ते नेमकं दारासमोरच्या भिंतीवर दिसतं.

आता पाऊस. बॉर्डरची सवय ज्यांनी लावली त्या इंग्लंडच्या हवेला कोरडी म्हणणारे तुम्ही मला पहिलेच भेटलात. अठराव्या शतकात तिथे कागद कापडावर चिकटवून भिंतीला बारीक खिळ्यांनी ठोकत, आणि ते खिळे झाकायला कडेने बॉर्डर लावत. तिथल्या सादळलेल्या घरांत ती टिकली. आपल्याकडे सुटते तेव्हा दोष हवेचा क्वचित असतो. तो भिंतीचा असतो, आणि त्याहून जास्त आपल्या कॅलेंडरचा.

रंगकाम आपण कधी काढतो? दसरा-दिवाळीच्या तोंडावर. चार महिने झड खाल्लेली पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत तेव्हा वरून कोरडी दिसते, पण गिलाव्यात पाणी मुरलेलंच असतं. त्यावर पुट्टी, त्यावर रंग, त्यावर आठवड्याभरात बॉर्डर. ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. साधा रंग त्याला थोडी वाट देतो, व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेली, पट्टी देत नाही. मग पट्टीमागे फुगा येतो, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) फुलतो, कड उचलते. पुढच्या जूनमध्ये पट्टी लोंबली की नाव पावसाचं होतं. बॉर्डरला फेब्रुवारी-मार्च चांगला, आणि नव्या रंगावर किमान दोन आठवडे थांबायचं.

ओल आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढताना बघा: भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा डाग असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. तिथे बॉर्डरचा विषय बंद. आधी बाहेरच्या भेगा, गच्ची किंवा पलीकडच्या बाथरूमचा नळ. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर ती हवेतली वाफ. तिथे बॉर्डर चालते, फक्त खिडकी उघडी ठेवावी लागते.

दुसरं कारण डिस्टेंपर. तळहात घासा, पांढरी पूड लागली तर जगातला कुठलाही गोंद त्या पुडीलाच धरणार, भिंतीला नाही. मागचा कागद सोलून लावायची तयार पट्टी तर अशा भिंतीवर रात्रीत उतरते. पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त जागा खरवडून, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, ओल्या फडक्याने पुसून वॉल प्रायमरचा हात द्यायचा आणि एक दिवस वाळू द्यायचा. ऑइलपेंट असेल तर आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, मग घासा.

तिसरं, गोंद. व्हिनाइल वॉलपेपरवरून बॉर्डर लावताना साधी पावडरची पेस्ट धरतच नाही. त्यासाठी व्हिनाइलवर व्हिनाइल चिकटवण्याची वेगळी पेस्ट मिळते, तीच हवी. घरची मैद्याची खळ म्हणजे कसर आणि बुरशीला आमंत्रण. कागदी पाठीची पट्टी असेल तर पेस्ट लावून, ओली बाजू ओल्या बाजूला येईल अशी घड्या घालून पाकिटावर दिलेली मिनिटं ठेवायची. कागद ओला झाला की वाढतो. ती वाढ घडीत होऊ दिली नाही तर भिंतीवर होते, आणि तुम्ही ज्याला ‘पावसाचे फुगे’ म्हणता ते त्याच संध्याकाळी उठतात.

आणि पंखा! पेस्ट लावताना पंखा बंद. कारागीर घामाघूम होऊन तो पाचवर सोडतात, कडांची पेस्ट भिंतीला टेकायच्या आत वाळते, आणि मधली पट्टी घट्ट पण कडा मोकळ्या राहतात. सांध्यावर रोलर दाबून फिरवण्यानेही हेच होतं. पेस्ट बाहेर पिळली जाते. हलका हात, आणि बाहेर आलेली पेस्ट लगेच ओल्या स्पंजने पुसायची, नाहीतर रंगावर चकाकणारा डाग कायमचा. कोपऱ्यात पट्टी सलग वळवू नका, वाळताना ताणून ती कोपऱ्यापासून सुटते. सहा मिलिमीटर पुढे घेऊन कापा आणि नवा तुकडा कोपऱ्यापासून त्यावर चढवा.

खोली बुटकी दिसते म्हणता, तर गडद पट्टी छताला चिकटवली की दिसणारच. फिकी घ्या, किंवा जमिनीपासून ८०-९० सेंटिमीटरवर लावा. फॅशन मेली की जिवंत आहे, हा वाद मला घालायचा नाही. घर तुमचं, भिंत तुमची.

यापुढे ‘सुटते’ असं लिहाल तेव्हा सोबत फोटो टाका. लोंबणाऱ्या पट्टीचा नको. तिच्या मागच्या भिंतीचा आणि पट्टीच्या उलट्या बाजूचा. पाठीवर पांढरी पूड दिसली तर डिस्टेंपर, काळे ठिपके दिसले तर ओल किंवा खळ, आणि पाठ स्वच्छ चकचकीत दिसली तर गोंदच चुकीचा. एवढं बघून कळवा, पुढचं बोलू. ‘ताई’ म्हणूनच बोललात तरी चालेल, फक्त टपली नको.