रिपोर्ट नॉर्मल आहेत, दुखणं खरं आहे

सध्या एक मेसेज फिरतोय: "फायब्रोमायल्जिया असा काही आजार नसतो. रिपोर्ट सगळे नॉर्मल, गोळ्या डिप्रेशनच्या, म्हणजे दुखणं मनाचं. मन खंबीर करा, दुखलं तर जोरदार पेनकिलर घ्या आणि आराम करा." फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर, दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार. तो माझ्या बहिणीला आहे, आणि हा मेसेज तिला तीन जणांनी पाठवला. काही दिवस तिला कपड्याची खांद्यावरची शिवणसुद्धा सहन होत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी रिपोर्टचं. ते नॉर्मल येतात, हे खरंच आहे. पण ईएसआर, सीआरपी या तपासण्या सूज शोधतात आणि एक्स-रे हाडं दाखवतो. इथे बिघाड आहे तो दुखण्याचे संदेश वाहणाऱ्या आणि त्यांची तीव्रता ठरवणाऱ्या मज्जासंस्थेत. तो या कागदांवर उमटणार कसा?

तो दिसतो दुसरीकडे. 2002 साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी 16 रुग्ण आणि 16 निरोगी माणसं घेतली. एकेकाला एमआरआय यंत्रात झोपवून अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. ज्या हलक्या दाबाने रुग्ण कळवळत होते, तो निरोगी माणसांना जेमतेम जाणवत होता. निरोगी माणसांना तेवढंच दुखावं म्हणून दाब बराच वाढवावा लागला, आणि मग दोन्ही गटांच्या मेंदूत बऱ्याच अंशी तेच भाग उजळले. रुग्ण जितकं दुखतंय म्हणत होते, त्यांचा मेंदूही तेच सांगत होता. कुणी बहिणीला "वाढवून सांगतेस" म्हणालं, की मला हा अंगठा आठवतो.

रसायनांचीही साक्ष आहे. दुखण्याचे संदेश पुढे नेणारं सबस्टन्स पी रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट आढळलं. मेंदूच्या इन्सुला या भागात चेतना वाढवणारं ग्लुटामेट जास्त सापडलं. 'सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडलं की झालं' इतकं सोपं हे गणित मात्र नाही. असं सांगणारे मेसेजही अर्धवटच आहेत.

आता डिप्रेशनच्या गोळ्या, कारण मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच. मेंदूच्या तळाकडून मज्जारज्जूत खाली येणारे तंतू वर जाणाऱ्या वेदनेला आवर घालतात. त्यांचं काम सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर चालतं. ड्युलोक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध ही दोन्ही रसायनं जास्त वेळ टिकवतं, म्हणून ते देतात. चाचण्यांत डिप्रेशन नसलेल्या रुग्णांचंही दुखणं त्याने कमी झालं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही सांगायला हवं. फायब्रोमायल्जियासोबत नैराश्य पुष्कळांना असतं, आणि मन खचलं की दुखणं वाढतं. पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. नसांच्या दुखण्यावर देतात ते प्रीगाबालिन तर डिप्रेशनचं औषधच नाही, तरी 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी सर्वांत आधी मान्यता दिली ती त्यालाच.

2021 मध्ये इंग्लंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या. उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले. निरोगी माणसांच्या अँटिबॉडींनी तसं झालं नाही. हा पुरावा अजून नवा आहे, पण उंदरांपर्यंत कुणाची चिंता पोचली नव्हती, पोचल्या त्या अँटिबॉडी.

'जोरदार पेनकिलर' हा सल्ला तर घातकच. 2007 च्या एका पेट (PET) स्कॅन अभ्यासात रुग्णांच्या मेंदूत मॉर्फिनसारखी औषधं जिथे चिकटतात त्या जागा कमी मोकळ्या दिसल्या. अशा औषधांचा इथे फारसा उपयोग का होत नाही, याचं ते एक संभाव्य कारण. सवय मात्र लागू शकते.

आणि आराम? युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांनी 2017 मध्ये सगळे उपाय तपासले, तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. बहिणीने सुरुवात पाच मिनिटं चालण्यापासून केली. एकदा उत्साहात अर्धा तास चालली आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. आता ती दर आठवड्याला एकच मिनिट वाढवते. सध्या ती अठरा मिनिटं चालते.