आत्याची गोळी बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

आत्याच्या गोळ्यांच्या डबीत मंगळवार आणि बुधवारचा खण भरलेलाच होता. विचारलं, तर तिने मोबाइलच पुढे केला: 'म्हातारपणीचा विसर तीन दिवसांत गायब! शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. दुष्परिणाम शून्य. कंपन्या दडपताहेत. जुन्या गोळ्या बंद करा, पावडर ऑनलाइन मागवा.'

'सिद्ध केलं' म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी 2020 मध्ये इस्रिब नावाचं रसायन 19 महिन्यांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांना तीन दिवस दिलं. पाण्याच्या चक्रव्यूहात दडवलेली फळी शोधताना ते तरुण उंदरांच्या तोडीला आले. हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण मोजलं ते उंदीर किती वेळा चुकीच्या वाटेला शिरला एवढंच. गॅस बंद केला का, समोर बसलेली ही मुलगी कोण, यातलं काही त्या पाण्यात मोजलं जात नाही.

दडपलं म्हणे! तो शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता येतो.

'दुष्परिणाम शून्य' हे कुणी ठरवलं, उंदरांनी? अल्झायमरच्या एका लशीने 1999 मध्ये उंदरांच्या मेंदूतला घातक प्रथिनांचा थर साफ केला होता. माणसांवर चाचणी झाली, तेव्हा लस घेतलेल्या सुमारे 300 जणांपैकी 18 जणांच्या मेंदूला सूज आली. 2002 मध्ये लस देणं थांबवावं लागलं.

आणि 'जुन्या गोळ्या बंद करा' हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. आत्या घेते ते डोनेपेझिल, अल्झायमरच्या विसरावर देतात ते औषध. त्याने आजार बरा होत नाही, हेही मान्य. पण ते बंद केल्यावर काय होतं, हे ब्रिटनमध्ये माणसांवरच तपासलंय. मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्या, आधीपासून ही गोळी घेणाऱ्या 295 जणांची ही चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर गोळी थांबवलेल्यांची स्मरणाची आणि रोजची कामं जमण्याची पातळी गोळी चालू ठेवलेल्यांपेक्षा खाली होती. त्याच रुग्णांच्या पुढच्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली: गोळी सुटलेल्यांना त्या पहिल्या वर्षात घरातून शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचा धोका जास्त होता. मेसेज लिहिणारा त्या वेळी आत्याजवळ बसणार आहे का?

पावडरचं तर बोलूच नका. माणसाला किती द्यायची, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नाही.

तुमच्याही घरी कुणाची गोळी अशी सुटली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. खंड किती दिवसांचा पडलाय ते नक्की सांगा; कधीकधी पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते.